सीएफसीच्या यादीत कोणती संस्था घ्यायची, हे ठरवायचं कसं?

तुमचा प्रश्न मी असा समजले. तुम्ही अमेरिकेत केंद्र सरकारच्या नोकरीत आहात. यंदा तुम्हाला कम्बाइन्ड फेडरल कँपेनच्या, म्हणजे सीएफसीच्या (केंद्रीय कर्मचारी यादीतल्या सेवाभावी संस्थांना पगारातून देणगी देतात ती मोहीम), स्थानिक समितीवर घेतलंय आणि संस्थांचे अर्ज तपासायचं काम तुमच्याकडे आलंय. तीन अर्जांपाशी तुम्ही अडलात. पहिल्या संस्थेची मतं तुम्हाला आणि ऑफिसातल्या बऱ्याच जणांना पटत नाहीत. सहकारी म्हणतात, ‘वादग्रस्त आहे, यादीत नकोच.’ दुसरीचा प्रशासन आणि निधी-उभारणीवरचा खर्च ३८ टक्के आहे. तिसरी लहान आणि प्रामाणिक, तिचं काम तुम्ही स्वतः पाहिलंय, पण तिची कागदपत्रं अपुरी आहेत. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ‘चांगली संस्था ओळखायची कशी?’

या शेवटच्या प्रश्नातच सगळी अडचण आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. असे अर्ज मी बरीच वर्षं वाचले, पुढे लहान संस्थांना ते भरायला मदतही केली. त्यामुळे तपासणाऱ्याची अडचण आणि भरणाऱ्याची अडचण, दोन्ही मला ठाऊक आहेत. चांगली संस्था कोणती, हे ठरवायचा अधिकार ज्याच्या पगारातून पैसे कापले जातात त्याचा आहे. समितीने ठरवायचं ते यापेक्षा कितीतरी कमी आहे: ही संस्था खरी आहे का, सांगते ते काम खरोखर करते का, आणि आलेल्या पैशाचा हिशेब दाखवते का. परीक्षेचा अर्ज स्वीकारणाऱ्याने विद्यार्थ्याला गुण द्यायचे नसतात, तसंच हे. पण अर्ज तपासणं हलक्यात घ्यायचं असतं असा याचा अर्थ नाही. उलट, मतांच्या बाबतीत हात आखडता घेतला की पुराव्याच्या बाबतीत कडक राहायला बळ येतं.

कशाकशावर उत्तर बदलतं तेही आधी सांगते. सीएफसी केंद्र सरकारची मोहीम आहे. तिचे नियम केंद्रीय नियमसंग्रहाच्या पाचव्या शीर्षकातल्या भाग ९५० मध्ये आहेत आणि ते ऑफिस ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट, म्हणजे ओपीएम, राबवतं. न्यूयॉर्क, मेरीलँड, टेक्सस, वॉशिंग्टन अशा कित्येक राज्यांच्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी वेगळ्या मोहिमा आहेत आणि त्यांचे नियमही वेगळे आहेत. त्यामुळे राज्याच्या मोहिमेत काम केलेल्या एखाद्याने ‘आमच्याकडे असं चालतं’ म्हटलं, तरी ते तुमच्याकडे लागू होईलच असं नाही. सीएफसीतही स्थानिक संस्थेला एक कसोटी असते, राष्ट्रीय नि आंतरराष्ट्रीय संस्थेला दुसरी. हिशेबाच्या अटी संस्थेच्या उत्पन्नानुसार बदलतात. वेळापत्रक आणि शुल्क यांच्यासाठी ओपीएमची त्या-त्या वर्षीची सूचनाच प्रमाण मानायची.

आता पहिला अर्ज, तोच सगळ्यांत नाजूक आहे.

‘वादग्रस्त’ हा शब्द समितीच्या बैठकीत दरवर्षी ऐकू येतो. तो का टिकत नाही, हे कळायला थोडा इतिहास लागतो. १९५० च्या दशकात सरकारी कचेऱ्यांत वर्षभर कोणी ना कोणी वर्गणी मागायला येत असे. साहेबच मागतायत म्हटल्यावर नाही म्हणायची चोरी, आणि कामाचा खोळंबा वेगळाच. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या काळात याला शिस्त लावायला सुरुवात झाली. १९६१ मध्ये केनेडी यांनी कार्यकारी आदेश १०९२७ काढून हे काम तेव्हाच्या सिव्हिल सर्व्हिस कमिशनकडे सोपवलं. १९६४ मध्ये काही शहरांत सगळ्यांची मिळून एकच मोहीम घेऊन पाहिली गेली आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तीच पद्धत देशभर रुजली. म्हणजे मूळ हेतू दोन: कर्मचाऱ्याला सारखा त्रास होऊ नये, आणि द्यायचं की नाही, कुणाला द्यायचं, हे त्याने मोकळेपणाने ठरवावं.

सुरुवातीला यादीत मोजक्याच मोठ्या संस्था होत्या. नागरी हक्कांचे खटले लढवणारी एनएएसीपी लीगल डिफेन्स अँड एज्युकेशनल फंड ही संस्था आत यायला निघाली तेव्हा खरा झगडा सुरू झाला. ‘थेट सेवा’ देणाऱ्या संस्थांनाच प्रवेश, ही तेव्हाची अट फार मोघम आहे, असं वॉशिंग्टनच्या केंद्रीय जिल्हा न्यायालयाने १९८१ मध्ये म्हटलं. त्यावर १९८२ आणि १९८३ मध्ये रेगन यांनी नवे आदेश काढले. आरोग्य आणि कल्याणाच्या सेवा देणाऱ्या संस्था तेवढ्या आत राहिल्या; खटले, लॉबिंग वा प्रचाराच्या मार्गाने सार्वजनिक धोरणावर प्रभाव पाडू पाहणाऱ्या संस्था बाहेर ठेवल्या गेल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८५ मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी निकाल लागला. तो ‘कॉर्नेलियस’ खटला या नावाने ओळखला जातो.

या निकालातलं एकच वाक्य पाठ करून लोक समितीत येतात, म्हणून तो नीट सांगते. न्यायमूर्ती ओ’कॉनर यांनी लिहिलं की सीएफसी हे सर्वांसाठी खुलं व्यासपीठ नाही. त्यामुळे कोणाला आत घ्यायचं यावर सरकार मर्यादा घालू शकतं, पण दोन अटींवर: मर्यादा मोहिमेच्या हेतूशी सुसंगत हवी, आणि ती मतांकडे बघून घातलेली नको. ऑफिसात वाद नकोत हे कारण वरवर पाहता वाजवी आहे, हे न्यायालयाने मान्य केलं. तुमचे सहकारी बहुधा इथेच थांबतात. पण न्यायालय थांबलं नव्हतं. वाद टाळण्याच्या पडद्याआडून विशिष्ट विचारांना बाहेर ठेवलं जात होतं का, हे तपासायला प्रकरण खाली परत पाठवलं गेलं. आणि त्यानंतर संसदेनेच दिशा बदलली. डिसेंबर १९८७ च्या खर्चाच्या कायद्यात पात्रतेच्या अटी घालून दिल्या गेल्या आणि धोरणविषयक काम करणाऱ्या संस्थांना दार उघडलं. आजच्या नियमांत ‘वादग्रस्त’ हे नाकारण्याचं कारणच नाही. नियमांत नसलेलं कारण समितीने लावलं, तर तो निर्णय पहिल्याच अपिलात पडतो. आणि पडायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. कारण आज ज्यांना तुम्ही वादग्रस्त म्हणता त्यांची जागा पुढच्या समितीत तुमच्या आवडीची संस्था घेऊ शकते.

इथे भेदभावाचा प्रश्न हमखास निघतो: ‘ती संस्था फक्त अमुक धर्माच्या लोकांसाठी काम करते, मग?’ केंद्रीय नियम याबाबत स्पष्ट आहे. मोहीम चालवताना वंश, धर्म, लिंग वगैरे कारणांवरून भेदभाव करायला बंदी आहे. त्याच नियमात पुढे असंही आहे की एखादी संस्था विशिष्ट वंशाच्या, धर्माच्या वा लिंगाच्या लोकांनी स्थापली किंवा त्यांच्यासाठी काम करते, एवढ्याच कारणाने तिला अपात्र ठरवता येणार नाही.

राज्यांत मात्र वेगळं घडू शकतं. कनेक्टिकट राज्याने २००० च्या सुमारास बॉय स्काउट्स ऑफ अमेरिकाला राज्य कर्मचाऱ्यांच्या मोहिमेतून वगळलं. समलिंगी व्यक्तींना सदस्यत्व आणि नोकरी नाकारण्याचं संस्थेचं तेव्हाचं धोरण राज्याच्या भेदभावविरोधी कायद्यात बसत नव्हतं. २००३ मध्ये त्या भागाच्या केंद्रीय अपील न्यायालयाने (दुसरं सर्किट) राज्याचा निर्णय ग्राह्य धरला; कारण राज्याने लिहिलेला कायदा लावला होता आणि तो मतांपेक्षा वर्तनाकडे बघणारा होता. विस्कॉन्सिनमध्ये उलट झालं. आपले पदाधिकारी आपल्याच श्रद्धेचे असावेत असा आग्रह धरणाऱ्या धार्मिक संस्थांना राज्याच्या मोहिमेबाहेर ठेवलं होतं. २००६ मध्ये तिथल्या केंद्रीय न्यायालयाने तो निर्णय घटनाबाह्य ठरवला. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की लक्षात येतं, या प्रदेशात समितीने स्वतःच्या मनाने पाऊल टाकायचं नसतं. लेखी नियम काय म्हणतो ते बघायचं, आणि शंका आली तर ओपीएमला आणि तुमच्या विभागाच्या वकिलांना विचारायचं.

समितीने स्वतःची जादा अट घालू नये, याचं आणखी एक उदाहरण ओपीएमच्याच इतिहासात आहे. ११ सप्टेंबरनंतरच्या काळात, दहशतवादाशी संबंधित याद्यांवरच्या व्यक्तीला आपण जाणूनबुजून नोकरीवर ठेवत नाही, असं प्रमाणपत्र संस्थांकडून मागितलं जाऊ लागलं. एसीएलयू ही नागरी स्वातंत्र्यासाठी लढणारी संस्था त्या कारणावरून २००४ मध्ये सीएफसीतून बाहेर पडली आणि इतर संस्थांसह न्यायालयात गेली. २००५ मध्ये ओपीएमने भाषा बदलली: आर्थिक निर्बंधांचे जे कायदे सर्वांनाच लागू आहेत ते आम्ही पाळतो, एवढं लिहून द्या. जी अट सरकारच्या एवढ्या मोठ्या विभागाला टिकवता आली नाही, तशी अट पाच-सात जणांच्या समितीने बैठकीत सुचली म्हणून लावू नये.

मी स्वतः वापरत असलेली एक रीत सांगते. नावडत्या संस्थेचा अर्ज वाचताना मी एका कागदावर तिच्या उणिवा लिहून काढते. मग जिच्याबद्दल मला आपुलकी आहे अशा संस्थेचा अर्ज घेते आणि त्याच उणिवा तिथे आहेत का ते बघते. बरेचदा असतात. तिथे मी त्या माफ करणार असेन, तर इथेही कराव्या लागतात. इथे नाकारणार असेन, तर तिथेही. ही सवय लागली की बैठकीतली निम्मी भांडणं आपोआप मिटतात.

मतांचा प्रश्न असा बाजूला काढला की समितीच्या खऱ्या कामाला लागता येतं, आणि ते म्हणजे सेवेचा पुरावा. तुमच्या सगळ्या कडकपणाची गरज इथे आहे.

नियमांचा गाभा असा: संस्था आयकर कायद्याच्या ५०१(सी)(३) कलमाखाली करमुक्त हवी आणि तिने माणसाच्या आरोग्याला वा कल्याणाला हातभार लावणारं खरं काम केलेलं हवं. राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय यादीसाठी मागच्या ३ वर्षांत किमान १५ राज्यांत किंवा एका परदेशात असं काम दाखवावं लागतं. ते अर्ज ओपीएम पाहतं. तुमच्याकडे येतात ते स्थानिक. त्यांना मोहिमेच्या क्षेत्रात ठोस अस्तित्व दाखवावं लागतं, म्हणजे ज्यांना सेवा हवी त्यांना येता येईल अशी जागा, आठवड्यातून किमान १५ तास उघडी, आणि फक्त संस्थेचाच असा फोन. ती जागा घराचा एखादा भाग असली तरी चालते, पण तो भाग संस्थेसाठीच राखून ठेवलेला हवा. तिथे बसणारी माणसं स्वयंसेवक असली तरी हरकत नाही. निव्वळ टोल-फ्री नंबर, वेबसाइट, टपालाने पाठवलेली माहितीपत्रकं, यांच्या जोरावर ही अट पुरी होत नाही.

लहान संस्थांना ही अट जाचक वाटते आणि त्यांचं म्हणणं मला कळतं. ज्यांचं सगळं काम फोनवर आणि ऑनलाइन चालतं त्यांनी काय करायचं? माझं मत असं की आज नियम लिहिला जात असता तर या मुद्द्यावर नक्की वाद झाला असता, आणि तो व्हायला हवा. पण आज तो जसा आहे तसा लावणं समितीला बंधनकारक आहे. एकाला सवलत दिली की ज्यांनी भाडं भरून खोली घेतली त्यांच्यावर अन्याय होतो.

मग ‘खरं काम’ कशाला म्हणायचं? राष्ट्रीय अर्जांच्या संदर्भात नियमांत चार गोष्टी दिल्यात, आणि स्थानिक अर्ज वाचतानाही विचार करायला त्या मला फार उपयोगी पडल्या: कामाचं स्वरूप आणि व्याप्ती, ते किती वेळा, किती सलग आणि किती काळ झालं, लाभार्थ्यांवर त्याचा काय परिणाम झाला, आणि लाभार्थी किती. नावापुरतं केलेलं काम यांत बसत नाही. समजा एका अर्जात लिहिलंय, ‘आम्ही समाजात आरोग्याविषयी जागृती करतो, हजारो लोक आमच्या वेबसाइटला भेट देतात.’ दुसऱ्यात लिहिलंय, ‘मागच्या वर्षी दर मंगळवारी काउंटीच्या ग्रंथालयात मधुमेहाची मोफत तपासणी केली, साडेतीनशे लोक आले, ज्यांची साखर जास्त निघाली त्यांना दवाखान्यात वेळ मिळवून दिली.’ दोन्ही संस्था मनाने चांगल्या असतील. पण पहिलीने काय केलं ते मला दिसत नाही, दुसरीने केलेलं दिसतं. वाचताना मी ‘कोणासाठी, कुठे, कधी, काय’ एवढंच शोधते. उत्तरं सापडली नाहीत तर भाषा कितीही सुंदर असली तरी अर्ज अपुरा.

एवढा आग्रह कशासाठी, तर त्याची किंमत लोकांच्या विश्वासाने मोजावी लागते. २००६ मध्ये सरकारच्या हिशेबांवर देखरेख करणाऱ्या जीएओने सीएफसीतल्या सुमारे २२,००० संस्था तपासल्या. त्यांतल्या १,२८० पेक्षा जास्त संस्थांकडे केंद्राच्या करांची थकबाकी निघाली, एकूण सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलर. त्यात कर्मचाऱ्यांच्या पगारावरच्या करांचा मोठा वाटा होता. त्याहून धक्कादायक दुसरी गोष्ट: जीएओने कागदावर एक खोटीच संस्था उभी केली, बनावट कागदपत्रं जोडून मोठ्या स्थानिक मोहिमांकडे अर्ज केला, आणि तो स्वीकारला गेला. आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याने, दिलेली करमुक्तीची चिठ्ठी जोडलेली दिसली म्हणजे झालं, असं धरून चालणाऱ्यांसाठी यापेक्षा मोठा धडा नाही. म्हणून त्या चिठ्ठीवर विसंबायचं नाही. संस्थेचं नाव आणि कर-क्रमांक आयआरएसच्या यादीशी ताडून बघायचा. सलग ३ वर्षं विवरण भरलं नाही तर करमुक्ती आपोआप रद्द होते, आणि जुनी चिठ्ठी मात्र फाइलमध्ये तशीच राहते. असे अर्ज माझ्या हाताखालून गेलेत. बहुतेकांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या अर्जाचं, म्हणजे ३८ टक्क्यांचं, थोडक्यात सांगते. पूर्वी २५ टक्क्यांची रेघ होती. तिच्यावर गेलेल्या संस्थेला स्पष्टीकरण आणि खर्च कमी करायचा आराखडा द्यावा लागे. २००६ मध्ये ओपीएमने ती अट काढून टाकली. आता हा आकडा यादीत संस्थेच्या नावाबरोबर छापला जातो आणि पसंत-नापसंत देणगीदार ठरवतो. त्यामुळे फक्त आकडा मोठा म्हणून नाकारायचा विचार सोडून द्या. आकडा बरोबर काढलाय का, हे मात्र तुम्ही तपासायलाच हवं. तो फॉर्म ९९० वरून, म्हणजे संस्था दरवर्षी आयआरएसला भरून देते त्या विवरणावरून, निघतो: नवव्या भागातल्या २५व्या ओळीचे क आणि ड रकाने, म्हणजे मूळ फॉर्मवरचे सी आणि डी, यांची बेरीज करायची आणि तिला आठव्या भागातल्या १२व्या ओळीच्या एकूण उत्पन्नाने भागायचं.

भाजक उत्पन्न आहे, खर्च नाही, हे लक्षात ठेवा. बहुतेक गैरसमज इथूनच निघतात. समजा संस्थेचा प्रशासन आणि निधी-उभारणीचा खर्च दरवर्षी ६०,००० डॉलर आहे. एका वर्षी ३ वर्षांसाठीचं मोठं अनुदान मंजूर झालं आणि ते हिशेबाच्या नियमाप्रमाणे त्याच वर्षी पूर्ण नोंदलं गेलं. उत्पन्न ४,००,००० आणि दर १५ टक्के. पुढच्या वर्षी उत्पन्न १,६०,००० दिसतं आणि तोच खर्च साडेसदतीस टक्के होतो. संस्था तीच, माणसं तीच, काम तेच. तुमच्या ३८ टक्क्यांमागे असं काही आहे का, हे मागच्या वर्षीच्या ९९० वर नजर टाकली तरी कळेल. उलट, अगदी शून्य टक्के लिहिलेलं दिसलं तर मी जास्त बारकाईने वाचते. हिशेब ठेवायलाही पैसा लागतो, आणि तो कुठेच दिसत नसेल तर कोणत्या रकान्यात गेलाय ते विचारायला हवं.

आतापर्यंतचं एकत्र ठेवायचं तर असं: मतांवरून निर्णय नाही, टक्केवारीवरून निर्णय नाही, अस्तित्व, काम आणि हिशेब यांच्या पुराव्यावरून निर्णय. हे पटलं असेल तर तिसरा अर्ज तुम्हाला जड जाईल, कारण आता तीच फूटपट्टी आवडत्या संस्थेला लावायची आहे.

लहान संस्थांसाठी नियम पूर्वीपेक्षा बराच सैल झालाय. वार्षिक उत्पन्न २,५०,००० डॉलर वा अधिक असेल तर स्वतंत्र सीपीएकडून, म्हणजे परवानाधारक लेखापालाकडून, पूर्ण ऑडिट लागतं. १,००,००० ते २,५०,००० च्या मधल्या संस्थेला ऑडिटऐवजी सीपीएने केलेलं हिशेबाचं पुनरावलोकन चालतं. १,००,००० च्या आतल्या संस्थेला दोन्हींतलं काहीच लागत नाही. पैशाची नोंद नीट ठेवली जाते अशी व्यवस्था मात्र हवी. म्हणजे तुमच्या संस्थेचं नेमकं अडलंय कुठे, ते आधी बघा. माझ्या अनुभवात लहान संस्था तीन ठिकाणी अडकतात. एक, त्यांनी ९९०-ईझेड, म्हणजे त्याच फॉर्मचा छोटा प्रकार, भरलेला असतो आणि सीएफसीला पूर्ण ९९० लागतो. अशा वेळी त्याच आकड्यांवरून पूर्ण ९९० चा नमुना केवळ अर्जासाठी भरून द्यायचा. आयआरएसकडे पुन्हा काही पाठवावं लागत नाही. दोन, हिशेब रोखीच्या पद्धतीने ठेवलेले असतात, तर ऑडिट वा पुनरावलोकन लागणाऱ्या संस्थेला ते सर्वमान्य लेखातत्त्वांप्रमाणे, म्हणजे जमा-देय धरून, मांडावे लागतात. वर्षाच्या शेवटी हे बदलत बसणं महाग पडतं, वर्षाच्या सुरुवातीला सीपीएला सांगितलं तर सोपं जातं. तीन, संचालक मंडळ. बहुसंख्य संचालक बिनपगारी हवेत आणि त्यांचे हितसंबंध आड येणारे नकोत. नवरा-बायको आणि मेहुणा अशा तिघांच्या मंडळात दोघं पगार घेत असतील, तर काम कितीही चांगलं असलं तरी अर्ज बसत नाही.

आणि एक गोष्ट स्पष्टपणे विचारते, राग मानू नका. ‘स्वतः पाहिलंय’ म्हणजे नेमकं काय? केवळ कार्यक्रमाला गेला असाल तर ठीक. पण तुम्ही तिथे संचालक, विश्वस्त वा पदाधिकारी असाल, तर त्या अर्जावर तुम्ही बसायचंच नाही. केंद्रीय कर्मचाऱ्याला हितसंबंधांबाबतचा जो फौजदारी कायदा लागू आहे, तो संस्थेतल्या बिनपगारी पदालाही गाठतो. नियमित स्वयंसेवक असाल तरी मी बाजूला व्हायला सांगेन, आणि ते इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगेन. संस्थेच्याच भल्याचं आहे ते; तिची निवड कोणाच्या ओळखीवर झाली असं उद्या कोणी म्हणू नये.

तिचा अर्ज यंदा बसत नसेल तर तिला दोन वाटा सांगता येतील. पुढच्या वर्षी कागद पुरे करून स्वतंत्रपणे अर्ज करणं ही एक. दुसरी, एखाद्या महासंघात सामील होणं. किमान १५ पात्र संस्था एकत्र येऊन महासंघ होतो आणि सदस्यांच्या कागदपत्रांची जबाबदारी तो उचलतो; लहान संस्थेच्या डोक्यावरचा बराच भार त्याने उतरतो. पण त्याआधी हे परवडतं का, याचा हिशेब करायला तिला जरूर सांगा. अर्जाला आणि यादीत नाव येण्याला शुल्क आहे. पूर्ण अर्ज दर ३ वर्षांनी आणि मधली दोन वर्षं फक्त पडताळणी, त्यामुळे दरवर्षीचा व्याप कमी झालाय हे खरं. पण मोहिमेचा आकारही आटलाय. २००९ मध्ये सीएफसीतून २८ कोटी डॉलरच्या वर जमा झाले होते. अलीकडच्या वर्षांत त्याच्या एक तृतीयांशही होत नाहीत. केंद्रीय नोकरीतल्या लोकांशी ज्या संस्थेची ओळखच नाही, तिला यादीतल्या हजारो नावांत कोणी शोधून काढेल ही आशा फार धरू नये. जिच्या परिसरात लष्करी तळ वा मोठी सरकारी कचेरी आहे आणि तिथली माणसं तिला ओळखतात, तिला मात्र पगारातून दर महिन्याला येणारा थोडा थोडा पैसा मोठा आधार देतो. तो वर्षभर येतो आणि कुठल्या एका कार्यक्रमासाठी बांधलेला नसतो, त्यामुळे भाडं आणि पगार त्यातून निघतात.

राहिलं ते नकाराचं पत्र, आणि त्यात मी समित्यांना सगळ्यांत जास्त कमी पडताना पाहिलंय. ‘आपला अर्ज निकषांत बसत नाही’ एवढं लिहून पाठवू नका. कोणता निकष, अर्जातलं कोणतं पान, तिथे काय होतं आणि काय हवं होतं, हे चार ओळींत लिहा. संस्थेला आधी समितीकडे आणि मग ओपीएमच्या संचालकांकडे अपील करता येतं, आणि त्याची मुदत फार थोडी असते. म्हणून पत्र निर्णयाच्या दिवशीच निघायला हवं आणि अपिलाची शेवटची तारीख त्यात ठळक हवी. वादग्रस्त म्हणता त्या संस्थेला नकार द्यायची वेळ आलीच, तर पत्र पाठवण्याआधी ते समितीबाहेरच्या एखाद्या जाणकाराला संस्थेचं नाव झाकून वाचायला द्या. कारण पटतंय का, एवढंच विचारा. नाव कळल्यावरच ते कारण पटत असेल, तर पत्र पाठवू नका. अर्ज पुन्हा उघडा.